समुद्रातला मासा आणि घरची काचपेटी



समुद्र म्हैसूरपासून लांब. तरी सुट्टीत आपण मालवण, कारवार, मुर्डेश्वर गाठतोच. ओहोटीला खडकांतल्या डबक्यात रंगीत मासा दिसला की मुले बाटली पुढे करतात. घरी मासे पाळणारा म्हणून "आणू का?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझे उत्तर तीन भागांत.

पहिले, कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत 2001 मध्ये समुद्रघोडे, प्रवाळ आणि काही शंख-शिंपले आले. त्यांना हात लावायचा नाही. प्रवाळाचा मेलेला तुकडाही नको, ना काचपेटीत, ना बाप्पाच्या मखरात.

दुसरे, जागा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून छंदापायी काहीही उचलू नये.

तिसरे, खुद्द मासा. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. पाणी तापले की आणखी कमी. बंद बाटलीतला मासा घाट चढेपर्यंत गुदमरतो. तगलाच, तर आपली काचपेटी बहुधा गोड्या पाण्याची. तिथे तो जगत नाही.

खाऱ्या पाण्याची हौस असेल तर केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास टाक्यांत करून दाखवली आहे. दुकानात "पैदाशीचा की पकडलेला?" एवढे जरूर विचारा. डबक्यातला मासा मात्र मुलांना मनसोक्त पाहू द्या, आणि भरतीला तिथेच राहू द्या.

गणपती बाप्पा मोरया!