आंद्रे मासों : वाळूतून निघालेले मासे



आज आंद्रे मासोंवर बोलणार आहे असं कळवल्यावर आपल्यातल्याच एकाने फोनवर विचारलं, "न ठरवता हात फिरवायचा आणि त्याला चित्र म्हणायचं, हे अंगात येण्यापेक्षा वेगळं कसं?" आपल्या मंडळींना हा प्रश्न पडायलाच हवा. मलाही पडला होता.

मासोंचा जन्म १८९६चा. पहिल्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात होता. एप्रिल १९१७मध्ये शमँ दे दामच्या लढाईत त्याच्या छातीला गंभीर जखम झाली. नंतर काही काळ मनोरुग्णालयातही काढावा लागला. नकाशे आणि वेळापत्रकं आखून ज्यांनी ही कत्तल घडवली, त्यांच्या शहाणपणावरचा त्याचा विश्वास उडाला असेल तर नवल नाही. १९२४च्या सुमारास तो आधी काहीही न ठरवता कागदावर शाईच्या रेषा सोडू लागला. प्लँचेटवालेही असंच करतात, पण ते म्हणतात, आत्मा लिहितो. सररिअलिस्ट म्हणाले, हे आपलंच मन. माझ्या मते खरा फरक इथे आहे.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्याचं १९२६चं 'बॅटल ऑफ फिशेस' आहे. (मासोंचे मासे! मराठी माणसाला हसू येणारच.) पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नुसती त्यातली वाळू बघत राहिलो. कॅनव्हासवर चिकट लेप द्यायचा, वाळू टाकायची, सुटी वाळू झटकायची आणि उरलेल्या आकारांत काय दिसतं ते शोधायचं. मासोंला एकमेकांना फाडणारे मासे दिसले. मग पेन्सिल, कोळसा आणि रंगाने ते त्याने स्वतः पुरे केले. वाळू कशीही पडो, कुठली रेघ ओढायची हे त्यानेच ठरवलं. अंगात आलेला माणूस नंतर "तो मी नव्हेच" म्हणतो. मासोंने चित्राखाली सही केली.

१९४१मध्ये तो नाझींच्या तावडीतून निसटला. पत्नी रोझ ज्यू कुटुंबातली, दोन लहान मुलगे. मार्सेयहून मार्टिनिकमार्गे अमेरिकेला पोचला, तर कस्टमवाल्यांनी त्याची काही रेखाटनं अश्लील ठरवून त्याच्यासमोर फाडली! इमिग्रेशनच्या रांगेतले आपले अनुभव त्यापुढे किरकोळच. कनेक्टिकटमध्ये राहून, चित्रं काढून १९४५मध्ये तो फ्रान्सला परतला. १९६५मध्ये पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहाचं छत त्यानेच रंगवलं.

फोन करणाऱ्या मित्राला मी म्हटलं, एकदा वाळू बघून ये. तो म्हणाला, "मॅनहॅटनमध्ये पार्किंग तू देणार का?"