लिमरिकचे चौदा दिवस



आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचे नाव निघाले की डब्लिनचा १९१६ चा उठाव आठवतो. पण शॅनन नदीकाठच्या लिमरिक शहरात १९१९ च्या एप्रिलमध्ये कामगारांनी जवळजवळ दोन आठवडे शहराचा कारभार चालविला, ही हकीकत दीर्घकाळ इतिहासाच्या अडगळीत पडून राहिली.

प्रसंग असा. कामगार चळवळीतला व स्वयंसेवक दलातला रॉबर्ट बर्न हा तरुण कैदी उपोषणामुळे रुग्णालयात होता. ६ एप्रिलला त्याला सोडविण्याचा प्रयत्न झाला. त्या झटापटीत तो आणि एक पोलीस शिपाई, दोघेही प्राणास मुकले. ब्रिटिश लष्कराने शहर विशेष लष्करी क्षेत्र म्हणून जाहीर केले. पुलावरून कामावर जाण्यासही लष्करी परवाना आवश्यक ठरला. आपल्याच गावात शत्रूसैन्याच्या चिठ्ठीने फिरणे क्लीव्हच्या दूध कारखान्यातील कामगारांनी नाकारले आणि १४ एप्रिलपासून सारे शहर संपावर गेले.

पुढे घडले ते निव्वळ संपापलीकडचे होते. जॉन क्रोनिन या सुताराच्या अध्यक्षतेखालील संपसमितीने अन्नधान्याचे भाव ठरविले, पाव-दूध घरोघरी पोचेल अशी व्यवस्था केली, स्वतःचे वार्तापत्र काढले आणि एक, पाच व दहा शिलिंगांच्या स्वतःच्या नोटा छापल्या. रात्री होड्यांची वल्ही गुंडाळून, आवाज न करता नदीमार्गे अन्न आणले गेले. जगाने या कारभाराला ‘सोव्हिएट’ म्हटले. पण या कामगारांत बहुसंख्य श्रद्धाळू कॅथॉलिक होते, हेही विसरता कामा नये.

राष्ट्रीय कामगार नेतृत्वाने देशव्यापी संपाऐवजी शहर रिकामे करण्याचा अजब तोडगा सुचविला. बिशप व महापौर यांनी माघारीचे आवाहन केले. २७ एप्रिलपर्यंत सारे आटोपले.

हा इतिहास झाकला का गेला? १९२२ नंतरच्या राज्याला हुतात्मे हवे होते, भाव ठरविणारे सुतार नकोत. चर्चला ‘सोव्हिएट’ हा शब्दच सहन होण्याजोगा नव्हता. आणि कामगार पुढाऱ्यांना स्वतःच्या कचखाऊपणाची आठवण नकोशी होती.

तो उकरून काढण्यात मोठा वाटा कष्टकऱ्यांच्याच एका पुत्राचा होता. दगडी काम करणारा गवंडी जिम केमी याने लिमरिकचा कामगार-इतिहास चिकाटीने शोधला, १९७९ मध्ये ‘ओल्ड लिमरिक जर्नल’ सुरू केले. पुढे तो संसद सदस्य आणि शहराचा महापौरही झाला. २०१९ मध्ये शताब्दी जाहीररीत्या साजरी झाली, तेव्हा त्यामागे अशा अनेक वर्षांच्या खटपटीचे बळ होते.

मात्र स्मारकाचा एक धोका असतो. ज्याची भीती वाटत होती तोच इतिहास एकदा दगडात कोरला की निरुपद्रवी होतो. नोटा काचेच्या कपाटात ठेवल्या जातात, आणि त्या छापण्याची वेळ कामगारांवर का आली, हा प्रश्न कपाटाबाहेर राहतो. खरे स्मरण पराभवासकट, नेत्यांच्या चुकांसकट आणि त्या शिपायाच्या मृत्यूसकट जपावे लागते. गाळीव इतिहास पूजेला उपयोगी पडतो, लढ्याला नव्हे.

लिमरिकचा धडा साधा आहे. आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर तो दुसरे लिहितात किंवा लिहीतच नाहीत. म्हणून प्रत्येक कामगार वस्तीतील जुने हिशेब, हस्तपत्रके आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी वेळीच गोळा व्हायला हव्यात. त्यासाठी पदवी लागत नाही. लिमरिकमध्ये एका गवंड्याने ते काम केले.