नागरिकाची हजेरी

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1893 साली आपल्या राज्यातील अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रयोग आरंभिला. 1906 मध्ये ती सक्ती साऱ्या राज्याला लागू झाली. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. तो दंड पुष्कळांना जाचक वाटला असेल. परंतु वर्गात येऊन बसलेले मूल अक्षर शिकले आणि ते अक्षर जन्मभर त्याचे झाले.

त्यानंतर शतक उलटले, आणि गुजरातेत निराळ्या सक्तीचा विचार झाला. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत मतदान सक्तीचे करणारे विधेयक विधानसभेने 2009 साली संमत केले. राज्यपालांची संमती मिळण्यास 2014 साल उजाडले. पुढील वर्षी नियम झाले व गैरहजर मतदारास शंभर रुपये दंड ठरला. मात्र ऑगस्ट 2015 मध्ये उच्च न्यायालयाने या सक्तीस स्थगिती दिली. फेब्रुवारी 2021 मध्ये बडोदे महानगरपालिकेच्या 19 प्रभागांतील 76 जागांसाठी निवडणूक झाली, तेव्हा निम्म्याहून कमी मतदार केंद्रावर गेले.

हे औदासीन्य कोठून आले? त्याचे एक मूळ या शहराच्या भाग्यातच असावे. येथे बाग झाली, ग्रंथालय झाले, महाविद्यालय झाले, आजव्याच्या तलावातून नळाने पाणी आले. आणि हे सर्व एका दूरदर्शी राजाने दिले. प्रजेने ते कृतज्ञतेने घेतले. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. देणारा हात गेला, पण घेण्याची सवय उरली. रस्ता उखडला की नागरिक पालिकेला दोष देतो. ती पालिका आपणच निवडतो, याचे भान त्याला क्वचितच असते.

या विसराची किंमत ऑगस्ट 2024 मध्ये शहराने मोजली. विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली आणि वस्त्यांत पाणी शिरले. लोक गच्चीवर अडकले, मगरी रस्त्यावर आल्या. अतिवृष्टी हे कारण खरेच. पण पाणी पसरण्याच्या जागा बुजल्या असतील, तर पावसालाच बोल लावून भागत नाही. नदीकाठच्या घळी, तळी व ओढे यांचे रक्षण व्हावे म्हणून काही जागरूक नागरिक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले होते. लवादाने मे 2021 मध्ये नदीची हद्द आखण्याचा व अतिक्रमणे दूर करण्याचा आदेशही दिला होता. महापूर येऊन गेल्यावर, 2025 साली, नदीचे पात्र रुंद व खोल करण्याचे मोठे काम निघाले. मूठभर माणसांनी जे वेळेवर सांगितले, ते प्रत्येक प्रभागातून सांगितले गेले असते, तर ते ऐकण्यास इतका विलंब कदाचित लागला नसता.

सांगण्याच्या वाटा कायद्याने मोकळ्या ठेवल्या आहेत. नगररचना योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला, की एका महिन्याच्या आत हरकत नोंदवता येते. तळ्याच्या जागी इमारत उभी राहणार काय, हे अशाच कागदांत ठरते. आयुक्तांनी तयार केलेले अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे येते, तेथून सर्वसाधारण सभेपुढे जाते. त्या दिवसांत आपल्या नगरसेवकाला गाठून, आमच्या गल्लीच्या गटाराला किती रक्कम धरली, एवढे विचारणारी दहा माणसे निघाली, तरी सभेत त्याला बोलावेच लागते. 1993 साली अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली, ती नागरिक व कारभार यांतील अंतर कमी व्हावे म्हणूनच.

पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेल्या मराठी कुटुंबांतून कधी कधी ऐकू येते, की येथील राजकारण आता दुसऱ्यांचे. आपण आपले घर सांभाळावे. पण पुराचे पाणी उंबरा ओलांडताना घरातली भाषा विचारीत नाही. ज्या शहराच्या नळाचे पाणी प्यावे, त्याच्या कारभारात परके राहणे कोणालाच शोभत नाही.

दंडाच्या धाकाने मूल शाळेत आणता येते. पुढचे काम शिक्षक करतो. दंडाच्या धाकाने मतदार केंद्रापर्यंत येईलही; परंतु बोटाला शाई लागल्यानंतर पुढची पाच वर्षे त्याला शिकवणारा कोणी नसतो. तेथे त्याचा तोच विद्यार्थी व तोच शिक्षक. मतदानाचा दिवस ही केवळ पहिली हजेरी होय. यादीत आपले नाव आहे की नाही हे पाहणे, नगरसेवकाचे काम वर्षातून दोनदा तरी तपासणे, हरकतीची मुदत टळू न देणे, ही उरलेल्या दिवसांची हजेरी. ती कोणी घेत नाही. ज्याची त्याने लावायची असते.