वारशाची प्रत आणि मालकीचा प्रश्न



वारसा हा शब्द उच्चारला की शेत, घर, दागदागिने डोळ्यांपुढे येतात आणि त्यांच्या मागोमाग कोर्टकज्जे. परंतु एक वारसा असा आहे की, जो भूमिहीन मजुराच्या आणि कारखानदाराच्या मुलाला अगदी सारख्याच रीतीने मिळतो. तो म्हणजे पेशींच्या केंद्रकात साठविलेला डी.एन.ए. या वारशावर कुणाची खाजगी मालकी असू शकते काय, हा प्रश्न गेल्या काही दशकांत न्यायालयांपर्यंत जाऊन पोचला. त्याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम या रेणूची घडण समजावून घेतली पाहिजे.

डी.एन.ए. म्हणजे पीळ दिलेली शिडी. तिचे दोन्ही दांडे शर्करा व फॉस्फेट यांचे. पायऱ्या चार नत्रयुक्त घटकांच्या. अॅडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन, असा जोडीचा नियम ठरलेला. मानवाच्या एका गुणसूत्रसंचात अशा सुमारे ३०० कोटी जोड्या असतात. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी ही शिडी मधोमध उसवते, आणि सुटा झालेला प्रत्येक पेड स्वतःच साचा बनून आपला जोडीदार घडवून घेतो. म्हणजे प्रत्येक नव्या रेणूत एक पेड जुना व एक नवा. मेसेल्सन व स्टाल यांनी १९५८ साली हे सिद्ध केले. जड नत्रावर वाढविलेले जीवाणू त्यांनी साध्या नत्रावर आणले. पहिल्या पिढीचा डी.एन.ए. जडही निघाला नाही, हलकाही नाही, तर बरोबर मधल्या वजनाचा निघाला.

ही घडण उलगडण्याचे श्रेय सामान्यतः वॉटसन व क्रिक या दोघांना दिले जाते. त्यांची प्रतिभा कोणीही नाकारणार नाही. तथापि जोड्यांचे प्रमाण त्यापूर्वीच चारगाफ यांनी मोजून ठेवले होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझालिंड फ्रँकलिन व त्यांचे विद्यार्थी गॉसलिंग यांनी १९५२ साली घेतलेले क्ष-किरणचित्र १९५३ च्या आरंभी वॉटसन यांना दाखविले गेले, ते फ्रँकलिन यांना न विचारता. १९५८ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी त्या निवर्तल्या. १९६२ चे नोबेल पारितोषिक क्रिक, वॉटसन आणि विल्किन्स यांना मिळाले. अनेकांचे श्रम आणि मोजक्यांचे नाव, ही कारखान्यातील रीत प्रयोगशाळेतही चालते, असाच याचा अर्थ. शिवाय किंग्ज कॉलेज व केंब्रिज, दोन्हीकडील या संशोधनामागे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, म्हणजेच करदात्यांचा पैसा होता, हेही विसरता कामा नये.

सार्वजनिक श्रमांतून उभ्या राहिलेल्या या ज्ञानावर पुढे खाजगी कुंपणे पडू लागली. स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढविणारे दोष ज्या दोन जनुकांत आढळतात, त्यांवर अमेरिकेतील मिरियड जेनेटिक्स या कंपनीने पेटंटे मिळविली. परिणामी त्या देशात ही चाचणी जवळजवळ तिच्या एकटीच्या हाती राहिली. खर्च ३,००० डॉलरांवर गेला. ज्यांना तो परवडत नव्हता आणि ज्यांना दुसरीकडून निदानाची खात्री करून घ्यावयाची होती, अशा स्त्रियांनी २००९ साली दाद मागितली. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, निसर्गात असलेले जनुक केवळ वेगळे काढल्याने तो शोध आपला होत नाही. प्रयोगशाळेत घडविलेल्या प्रतीला मात्र पेटंटाची वाट मोकळी राहिली. विजय झाला, पण तो अर्धाच झाला.

दुसरा मार्गही होता. मानवी जनुकसंचाच्या सार्वजनिक प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी १९९६ साली बर्म्युडा येथे असे ठरविले की, वाचलेला मजकूर २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुला करावयाचा. १९९८ साली एक खाजगी कंपनी स्पर्धेत उतरली, तरीही हा नियम त्यांनी सोडला नाही. २००३ साली प्रकल्प पुरा झाला, तेव्हा तो मजकूर जगातील कोणत्याही विद्यार्थ्याला विनामूल्य वाचता येत होता.

जुन्या पेडाच्या आधाराशिवाय नवा पेड घडत नाही. ज्ञानाचेही तसेच आहे. मागल्यांच्या श्रमांवर उभा राहणारा जो कोणी संपूर्ण इमारतीवर आपली पाटी लावू पाहील, त्याला ‘पाया कुणी घातला?’ हे विचारणे समाजाचा केवळ हक्क नव्हे, ते त्याचे कर्तव्य होय.