पासवर्ड मनाने ठरवू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी फुलचूर येथे केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण स्वतःला ठेच लागली, म्हणून दोन शब्द बोलते.

माझ्या फोनवरील खात्याचा पासवर्ड होता मुलीचे नाव आणि तिचे जन्मसाल. विसरू नये, एवढाच हेतू. तिच्या वाढदिवसाचा फोटो मीच त्या खात्यावर लावला. केकवर नाव आणि सोळाचा आकडा! एके दिवशी तिरोड्याच्या जाऊबाईंना माझ्या नावाने निरोप गेला, "दवाखान्यात आहे, या नंबरवर ५,००० रुपये पाठवा." जाऊबाईंनी आधी मला फोन केला, म्हणून पैसे वाचले. धानाच्या कोठीला कुलूप लावून किल्ली दारातच टांगावी, तसे मी केले होते.

मग पुतण्याने समजावले, "काकू, मन ओळखीच्याच वाटेने जाते. नाव, साल, देव, एक-दोन-तीन. चोरही आधी तेच लावून पाहतो."

फोनमध्येच पासवर्ड बनवण्याची सोय असते. फासे टाकावेत तशी ती अक्षरे निवडते. इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांतून अशी आठच निवडली, तरी २०,८०० कोटींहून अधिक जुळण्या होतात. चार आकड्यांच्या फक्त १०,०००. फोन तर याहून लांब पासवर्ड बनवतो, प्रत्येक खात्याला वेगळा, आणि स्वतःच जपून ठेवतो.

पण त्या साठ्याची किल्ली आपणच लक्षात ठेवायची. त्यासाठी अमेरिकेतील अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली युक्ती काढली. क्रमांक दिलेल्या ७,७७६ शब्दांची यादी. फासा पाच वेळा टाकला की एक शब्द मिळतो. मुलीला जवळ बसवून मी लुडोच्या फाशाने सहा शब्द काढले. आवडला नाही म्हणून शब्द बदलायचा नाही, नाहीतर पुन्हा मनच निवडते. ते शब्द कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवले आहेत. दूरचा चोर तो डबा कसा उघडणार?

कोणी म्हणते, "आपल्या खात्यात आहे काय?" अहो, आपले नाव आहे! त्या नावावर आपली माणसे विश्वास ठेवतात. तरीही पैशांची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

आज घरी गेल्यावर एक तरी पासवर्ड बदला, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.