आठव्या लेनमधलं पोरगं

जत्रेच्या फोटोंचा भाग झाल्यावर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. भाऊ, बहीण, भाची कुणीतरी इनडोअर टँकमध्ये स्पर्धेला उतरतं, आपण गॅलरीत बसून दोनशे फोटो काढतो, आणि घरी येऊन बघावं तर निळं पाणी, पांढरा फेस आणि मध्ये एक काळपट ठिपका. असं का होतं?

मी कवठे महांकाळचा. आमच्याकडं पोहणं म्हणजे विहीर. पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा, मामानं मागून ढकलायचं, संपलं कोचिंग. त्यात दुष्काळी तालुका. म्हैसाळ योजनेचं पाणी यायच्या आधी उन्हाळ्यात विहिरीला तळ दिसायचा. पण विहिरीवर फोटो सोपा. वर आभाळ, रणरणतं ऊन, पोरानं मुटका मारला की क्लिक. छताखालच्या टँकमध्ये उजेड त्याच्या शंभरपटीनं कमी असू शकतो. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, कारण डोळा सरावतो. फोनचा सेन्सर मात्र सरावत नाही. तो शटर जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि तेवढ्यात हात पुढं गेलेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट, फोन प्रो मोडवर टाका. शटर १/५०० च्या खाली नको, पाण्याचे थेंब गोठवायचे तर १/१०००. त्यासाठी आयएसओ १६००, ३२०० जिथं जाईल तिथं जाऊ द्या. फोटोत दाणे येतील, येऊ देत. दाणेदार चेहरा ओळखू येतो, हललेला येत नाही. नाईट मोड अजिबात नको. तो बऱ्याच फ्रेम एकावर एक जोडतो, त्यात पोहणाऱ्याला चार हात फुटतात. आणि फेस पांढरा असल्यामुळं कॅमेऱ्याला वाटतं खूप उजेड आहे, मग आपल्या सावळ्या पोरांचे चेहरे काळे पडतात. प्रो मोड नसेल तर एक्सपोजर थोडं, ०.७ च्या आसपास, वर ढकला.

फ्लॅश बंद. हे फक्त शिस्तीसाठी नाही. इलेक्ट्रॉनिक स्टार्टमध्ये भोंग्याबरोबर दिवाही चमकतो. ब्लॉकवर वाकलेल्या पोराला तुमचा फ्लॅश तोच दिवा वाटला तर त्याची शर्यत तिथंच संपू शकते.

आणखी एक गंमत. सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक अंधारा, एक पिवळट असं दिसलं तर फोन बिघडलाय असं समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि जलद शटर त्यातला एखादाच तुकडा पकडतं. बर्स्ट मारा आणि चांगला तेवढा ठेवा.

आता झूमचं बघू. मी गेल्या वर्षी भाचीच्या शाळेच्या स्पर्धेला पुण्यात गेलो होतो, आठ लेनचा टँक. सगळ्या पालकांचे फोन झूम करून चौथ्या-पाचव्या लेनवर. कारण सरळ आहे: नोंदवलेल्या वेळेनुसार लेन देतात तेव्हा वेगवान मुलं मधे आणि सगळ्यात हळू मुलं कडेला, पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये. पण गॅलरीत बसलेल्याला सगळ्यात जवळचं कोण? कडेचं पोरगं! फोनची मुख्य लेन्स सगळ्यात जास्त उजेड घेते, झूमची लेन्स सहसा कमी घेते, आणि डिजिटल झूम म्हणजे नुसतं कापून मोठं करणं. म्हणजे तुमच्या फोनवर त्या हॉलमधला सगळ्यात चांगला फोटो ज्याचा येऊ शकतो, त्याच्याकडं कुणाचाच फोन वळलेला नसतो. आमची भाची आठव्या लेनमध्ये होती. शेवटून दुसरी आली. माझ्याकडचे त्या दिवसाचे सगळ्यात स्पष्ट फोटो तिचेच आहेत.

ओळखायचं कसं, हा वेगळाच घोळ. टोपी आणि गॉगल घातला की सगळी पोरं सारखी. गावी आजीला पहिला फोटो पाठवला तर तिचा व्हॉइस मेसेज, ‘ह्यात आपली कुठली रं?’ त्यामुळं शर्यतीआधी भिंतीवर लावलेल्या यादीचा फोटो काढून ठेवा, टोपीचा रंग बघून ठेवा. लेन मोजताना स्टार्टच्या टोकाला पाण्याकडं तोंड करून उभं राहिलात तर पहिली लेन उजव्या हाताला येते. समोरून मोजाल तर उलटं होईल.

चेहरा कधी वर येणार हे आधी माहीत असेल तर निम्मं काम झालं. नवशिक्यानं ब्रेस्टस्ट्रोकपासून सुरुवात करावी. प्रत्येक स्ट्रोकला डोकं समोर वर येतं, वेग कमी, ताल एकसारखा. तीन स्ट्रोक नुसते बघा, चौथ्याला दाबा. बटरफ्लायही समोरूनच, वळायच्या टोकाला जागा मिळाली तर उत्तम. फ्रीस्टाईलमध्ये चेहरा कुशीवर वळतो आणि बरीच मुलं एकाच बाजूला श्वास घेतात. म्हणजे जाताना तुमच्याकडं तोंड, तर येताना पाठ. कुठली बाजू ते वॉर्म-अपलाच कळतं. बॅकस्ट्रोक सोपा वाटतो, पण चेहरा छताकडं असतो, म्हणून वरची गॅलरी बरी. शिवाय ब्रेस्टस्ट्रोक सोडून बाकी तिन्ही प्रकारांत सूर मारल्यावर १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यावंच लागतं. लेनच्या दोरीवर तिथं वेगळ्या रंगाची खूण असते. फोकस तिथं लॉक करून थांबा.

आता जरा नाजूक विषय. ही लहान मुलं आहेत, पोहण्याच्या कपड्यात आहेत. आयोजकांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. ब्लॉकवर वाकलेल्या मुलींचे मागून फोटो काढायचे नाहीत, चुकून आले तर तिथल्या तिथं डिलीट. दुसऱ्याचं मूल असेल तर फोटो फक्त त्याच्या आईबापाला, ग्रुपवर नाही, स्टेटसला नाही. माझ्यातला इंजिनिअर एक सांगतो: फोनचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये जागा नोंदली जाते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करून टाका.

आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहले, विश्वविक्रम केला, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. तुम्ही डोळे मिटून ती शर्यत आठवून बघा. मला तर ‘चंदू चॅम्पियन’मधला नटच दिसतो. खुद्द पेटकरांचा पाण्यातला चेहरा माझ्या डोळ्यासमोर येत नाही.

त्या दिवशी भाचीनंतरच्या हीटमध्ये आठव्या लेनला एक मुलगा होता. बाकीचे बाहेर येऊन टॉवेल गुंडाळत होते तेव्हा तो शेवटचे दहा मीटर मारत होता. ब्रेस्टस्ट्रोक, तोंड उघडं, गॉगल एका बाजूला सरकलेला. १/८००, आयएसओ ३२००, फोनच्या मुख्य लेन्सवर. त्याच्या वडिलांना शोधून दाखवला, ठेवू का डिलीट करू विचारलं. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडं बघितलं. मग म्हणाले, ‘हा मोठा करून मिळेल का हो?’ दाण्यांसकट आठ बाय बाराचा प्रिंट काढून दिला. लांबून दाणे दिसतसुद्धा नाहीत.