घोडकाठची नाव आणि समुद्रातला डॉल्फिन

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला समुद्र नाही, आहे ती घोड नदी. पण डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात इथं उत्खनन केलं, तेव्हा चार पायांच्या एका मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुषाचा सांगाडा सापडला. सोबतच्या मडक्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली! तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाला नावेची अशी ओढ होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आज इथून नावेत बसायला जायचं तर ताम्हिणी घाट उतरून दापोलीच्या कर्दे, मुरूड, हर्णैकडे चला, डॉल्फिन बघायला. आदल्या रात्री मुक्कामाला पोचा, कारण सकाळी वारा पडलेला असतो आणि सपाट पाण्यावर डॉल्फिनची पाठ चटकन दिसते. पावसाळा टाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे ना, हे किनाऱ्यावरच बघा.

इथला डॉल्फिन कुबडवाला, उथळ पाण्यात राहणारा. आधी फूस्‌ असा श्वास ऐकू येतो, मग राखाडी कुबड आणि त्यावरचा छोटा पर. नाववाल्या दादांना पाठलाग करायला लावू नका. इंजिन मंद ठेवायला सांगा. पिल्लू सोबत असेल तर लांबच राहा.

आणि देवमासा? 2015 साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना चक्क निळा देवमासा दिसला होता. तेव्हा नजर दूरवरही असू द्या.